मुलाकडची मंडळी

"आणखी किती वेळ फुलं तोडू, तात्या? झाडावर आता नुसते काटे राहिलेत," कौशल्या बागेतून ओरडली.

सोपानरावांनी ओठावर बोट ठेवलं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला चाकणचे आबाजी उभे होते. मुलाच्या बापाच्या कानावर मुलीचा असला खणखणीत आवाज पडणं बरं नव्हे.

"गुमान तोड," ते दबक्या आवाजात म्हणाले. "फुलं न्हाईत तर पानं तोड."

चिंचवडचं हे कुटुंब खंडाळ्याच्या हॉटेलात हवा खायला आलंय, असं गावभर सांगितलं होतं. साफ खोटं. वैशाखात पडवीत पंच्याने वारा घेणाऱ्या माणसाला कसली हवा नि कसलं हॉटेल! हे सगळं जुळवलं होतं मध्यस्थ लक्ष्मणरावांनी. दाखवण्याचा कार्यक्रम नको, पाट नको, पोहे नकोत. दोन्ही घरं सुट्टीला म्हणून एकाच ठिकाणी उतरतील, मुलगी सहज नजरेला पडेल. अट एकच. विषय मुलीकडच्यांनी काढायचा नाही. मुलाकडचे काढतील.

नकार मोजायचं सोपानरावांनी कधीच सोडलं होतं. हेही फिसकटलं, तर तळेगावचा बिजवर तेवढा उरला होता. पदरी चार पोरं आणि वयाने सोपानरावांच्याच जवळपास. त्याचं नाव निघालं की कौशल्या उठून विहिरीकडे चालायला लागायची, आणि तिची आई रुक्मिणीबाई हातातलं काम टाकून तिच्यामागे धावायच्या.

आणि इथे आबाजी काही विषय काढीनात.

व्हरांड्यात वेताची एकच धड खुर्ची होती.

"बसा," सोपानराव म्हणाले.

"छ्या! तुमी बसा."

"तुमी वडीलधारं."

"तुमी मानाचं."

दोघंही उभेच राहिले. चहा गार झाला. शेवटी हॉटेलचं मांजर येऊन खुर्चीवर बसलं.

सोपानरावांना हे कोडं उलगडेना. मुलाचा बाप असा असतो? मुलाचा बाप म्हणजे आल्या आल्या पाय पसरणारा, पाणी तोंडाला लावायच्या आधी पाण्याला नाव ठेवणारा. असल्यांपुढे वाकून वाकून त्यांची पाठ गेली होती. तोंडावर 'जी, जी' आणि मनात आईबहिणीवरून शिव्या, अशी वर्षं काढली होती. त्या शिव्या परवडल्या. हा बाबा नुसता हसतो, मान डोलावतो आणि गप्प.

"तुमच्या पोराचं, दत्तोबाचं बरं चाललंय न्हवं?" आबाजींनी आज पुन्हा विचारलं. "पिंपरीचा कारखाना नवा. नोकरी कायम हाय का?"

"कायम हाय की. वर ओव्हरटाइम."

"आन् तंबाखू-बिंबाखू?"

"छे! आमच्या घरात कुनालाच नाद न्हाई," सोपानराव घाईने म्हणाले. घराणं तपासतायत, तपासू देत. "तुमचे चिरंजीव मालोजीराव काय करत्यात?"

"बटाट्याच्या अडतीवर बसतो. द्येवमाणूस हाय."

झालं. गाडी पुन्हा तिथेच थांबली.

जेवणाच्या टेबलावर तर कहर. रुक्मिणीबाई मालोजीच्या ताटात चकल्या ओतायच्या. आबाजींची बायको दत्तोबाला लाडू भरवायची. तेही इतक्या मायेने, की बिचाऱ्याला नाही म्हणवेना. सकाळपासून तो पोट धरून पडला होता.

"लई मायाळू सासू मिळंल कौशीला," रुक्मिणीबाई खोलीत आल्यावर म्हणाल्या.

"मिळंल तवा!" सोपानराव म्हणाले. "आन् ती त्यांची पोरगी, तिला कुनी घरात का बसवत न्हाई? कौशीला बागेत धाडली की ही हजर. नवं लुगडं, खाली मान, हातात विणकाम. आमच्या पोरीवर नजर ठरायची कशी?"

"असू द्या वो. नणंद गरीब हाय, ब्येस झालं."

संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परतायचं होतं. रुक्मिणीबाई वळकटी बांधत होत्या आणि कौशल्या खिडकीत पाठमोरी उभी होती. ती विचारत नव्हती. त्या न विचारण्यानेच सोपानरावांचं डोकं फिरलं.

"आता मीच इचारतो."

"अवो, लक्ष्मणरावांनी बजावलंय..."

"खड्ड्यात गेले लक्ष्मणराव! त्या बिजवराच्या गळ्यात बांधू व्हय पोरगी? पाय धरीन, नाक घाशीन, पर व्हय म्हनवूनच येईन."

त्यांनी टोपी सारखी केली, कोटाची बटणं लावली आणि दार उघडलं.

दारात आबाजी उभे होते. मागे त्यांची बायको, डोळ्याला पदर लावून.

सोपानरावांनी हात जोडले. पण आबाजींचे हात आधीच जोडलेले होते.

"सोपानराव, रागावू नका," ते म्हणाले. "लक्ष्मणरावांनी बजावलं व्हतं, तुमी काढल्याबिगर इषय काढायचा न्हाई म्हनून. लई वाट पाहिली. आता दम धरवत न्हाई. आमची शालन गुणाची हाय. तुमच्या दत्तोबासाठी तिला पदरात घ्या."

आणि त्या म्हाताऱ्याने डोक्यावरचं पागोटं काढून सोपानरावांच्या पायावर ठेवलं.

सोपानरावांच्या तोंडापर्यंत जे शब्द आले होते, तेच हा माणूस बोलून गेला होता. आतमध्ये वळकटी बांधणारे हात थांबले. कौशल्या खिडकीतून वळली.

सोपानरावांनी पागोट्याकडे पाहिलं. मग आबाजींच्या उघड्या, पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. त्यांचे जोडलेले हात हळूच सुटले, पाठ ताठ झाली.

"पोरीला बोलवा," ते म्हणाले. "जरा चालून दाखवू द्या."