स्वागताला उभ्या बायका

“बाबा फाटकातून बाहेर आले की हात धरायचा, घर येईपर्यंत सोडायचा नाही,” लहानपणी आई बजावायची. बाबा कामाला होते त्या बिअरच्या कारखान्याचं आता भर शहरातलं नामांकित हॉटेल झालं होतं. लॉबीतल्या जुन्या फोटोत फाटकापाशी आई दिसली, तशी सत्तरीची ती थबकली.

“कामगारांच्या स्वागताला रोज जमणाऱ्या त्यांच्या प्रेमळ बायका,” मॅनेजर कौतुकाने म्हणाला.

“अहो, स्वागत कसलं? आत कामगारांना बिअर फुकट प्यायला मिळायची. झोकांड्या खाणाऱ्यांना सांभाळून न्यायला यायच्या.”

“असू दे हो आजी. पाहुण्यांना इतिहास गोडच लागतो. तुम्ही आज कुणासाठी आलात?”

 

सुनेला शब्द देऊन आली होती. ती बारमधून लेकाला उठवायला निघाली.