कांद्याचा वास

बेल वाजली तशी सासूबाईंनी कोठीचं दार धाडकन ओढून घेतलं. ते सुनेच्या कोपरावर आदळलं, हातातलं नरसाळं उडालं आणि मोठा कॅन आडवा झाला. तिने तो उचलून उभा केला खरा, पण तोवर निम्मं पेट्रोल फरशीवर. बाहेरून कडी लागली.

कडीचं नवल नव्हतं. दार फुगलेलं, कडीशिवाय मिटून राहत नसे. मुलगा जनरेटर भाड्याने द्यायचा, त्याचं पेट्रोल घरातच, आणि घरमालकाला पत्ता नाही. कळलं की त्याच दिवशी चंबूगबाळं रस्त्यावर! म्हणून घराने एक पद्धत बसवली होती. कुणी आलं की कोठी बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल आणि शेगडीवर कांदा. खमंग परतलेल्या कांद्यापुढे पेट्रोलच्या वासाची काय बिशाद! ही अक्कल सासूबाईंची, आणि त्यांना तिचा भारी अभिमान. आत पेट्रोल ओतणाऱ्याने पाहुणा जाईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. ओतायला अर्थातच सून.

"या, या! आज इकडे कशी वाट चुकलात?" सासूबाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

"छताची ओल बघायला आलोय," घरमालक म्हणाला.

सुनेने दोन पोती अंथरली. पोती भिजून गेली. फरशीला उतार दाराकडे, आणि दारापलीकडे लगेच स्वयंपाकघर. टॉवेलची आत आलेली कड तिने चिमटीत धरून हुंगली. पेट्रोल. कोठीला ना खिडकी, ना झरोका. डोळे चुरचुरायला लागले. ओरडावं तर घर जाणार, गप्प बसावं तर सगळेच जाणार.

पलीकडे विळी वाजली. कांदा चिरणं चाललं होतं.

तिने दारावर हळूच टकटक केली.

"मेलं मांजर!" सासूबाई तिकडून मोठ्याने म्हणाल्या. "कोंडलं तरी उच्छाद थांबत नाही."

तिने पुन्हा टकटक केली, जरा जोरात. विळी थांबली. कढई शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग लायटर. खट. खट. खट.

"या लायटरला आजच मरायचं होतं!"

"थांबा, माझ्याकडे काडेपेटी आहे," घरमालकाची पावलं स्वयंपाकघरात आली. "पण काय हो, वास कसला येतोय हा?"

"नालीचा. सकाळपासून तुंबलीये. आणा ती काडेपेटी."

काडेपेटी खुळखुळली. सुनेने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"आई, काडी ओढू नका! सगळं सांडलंय! दार उघडा!"

काडी ओढल्याचा आवाज आला नाही.

"आत कोण आहे?" घरमालकाने विचारलं.

तिने दाराला कान लावला. पावलं जवळ आली, आणि कडी निघायच्या ऐवजी दाराला बाहेरून कुणाची तरी पाठ टेकली. फळी तिच्या गालाशी दाबली गेली.

"कुणी नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा बाहेर, मी चहा टाकते."