उणे नऊशे

"सोप्या भाषेत सांगा," चौकशी अधिकारी म्हणाल्या. "पाइप गंजतो म्हणजे नेमकं काय होतं?"

तंत्रज्ञ उभा राहिला. शहराखालून गेलेले गॅसचे पाइप तपासणं हेच त्याचं बावीस वर्षांचं काम. "ओल्या मातीत लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं आणि झिजत जातं. म्हणून आम्ही बाहेरून वीज देऊन त्याला इलेक्ट्रॉन पुरवतो. मग पाइप होतो कॅथोड. तो गंजत नाही. लांब पुरलेला लोखंडाचा तुकडा होतो अॅनोड. झिजायचं ते तो झिजतो. पाइपला तारेने जोडलेले खांब रस्त्यावर असतात, त्यांवर दर महिन्याला व्होल्टेज मोजायचं. उणे साडेआठशे मिलिव्होल्टच्या खाली आकडा असला की पाइप सुरक्षित."

"आणि बेकरीसमोरच्या खांबावरचा आकडा?"

"उणे नऊशे. चौदा महिने."

शेजारी बसलेल्या इंजिनिअरसाहेबांनी हुश्श केलं. सकाळी जिन्यातच त्यांनी त्याला बजावलं होतं, "नोंदवहीत नऊशे आहेत तोवर कुणी आपल्या केसालाही धक्का लावू शकत नाही. तू फक्त आगाऊपणा करू नकोस."

बेकरीची इमारत गेल्या महिन्यात कोसळली होती. स्फोटात दुसऱ्या मजल्यावरची आई आणि तिची दोन मुलं गेली. ढिगाऱ्याखालचा पाइप चाळणीसारखा निघाला.

स्फोटाच्या चौदा महिने आधी तिथला आकडा उणे पाचशेवर, म्हणजे धोक्याच्या पातळीत, आला होता. वीज पुरवणारी केबल तुटली होती. तेव्हा साहेब म्हणाले होते, "रस्ता खणायची परवानगी मिळेपर्यंत नऊशेच लिही." पहिल्यांदा लिहिताना त्याचं पेन अडखळलं. परवानगीचं पुढे कुणी नावही काढलं नाही. चौथ्या महिन्यापासून तो त्या खांबाकडे फिरकेनासा झाला. टेबलाशी बसून, सुबक अक्षरात आकडा टाकायचा. लिहून लिहून नऊशे इतके अंगवळणी पडले, की आपण खोटं लिहितोय याचाही त्याला विसर पडला.

अधिकाऱ्यांनी वही मिटली. "म्हणजे वहीप्रमाणे पाइप ठीक होता, त्याची चाळण स्फोटानं झाली. वास आल्याची एकही तक्रार नोंदलेली नाही. अचानक घडलेला अपघात, असंच लिहायचं ना?"

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले.

तंत्रज्ञ अजून उभाच होता. "तक्रार आली होती," तो म्हणाला.

साहेबांनी त्याची बाही ओढली. त्याने ती सोडवून घेतली.

"कधी?"

"त्याच सकाळी. माझ्या फोनवर."

"कुणाची?"

"माझ्या सख्ख्या बहिणीची. स्फोटाच्या महिनाभर आधीच तिनं तिथं दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं होतं."

अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"मी वही उघडून बघितली. नऊशे होते. म्हटलं, ताई, पाइप ठणठणीत आहे, गटाराचा वास असेल. तू खुशाल शेगडी पेटव."