पोह्यांआधीच्या अटी

“पण ते गेम बंद करावे लागतील,” किशोर म्हणाला. “आमच्या घरात नाही चालणार.”

दामिनीनं मांडीवर झोपलेल्या पिंकीचं डोकं सरळ केलं. अकोल्याहून आलेल्या पाहुण्यांचे पाण्याचे ग्लास अजून भरलेलेच होते.

“काहून?” ती म्हणाली. “ओळखच लूडोवर झाली. आता लग्नाची गोष्ट निघाली, तर लूडो वाईट झाला?”

“तेच तर! नातेवाइकांना काय सांगायचं?”

“सांगा, दोघं खेळता खेळता बोलू लागले. चोरी नाही केली कोणी.”

किशोरचे वडील किसनराव मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात त्यांच्याच खिशातून फासा घरंगळल्याचा आवाज आला. त्यांनी घाईघाईनं फोन दाबून धरला. दामिनीनं हसू गिळलं.

‘पाहुण्यांत बसणं मले नाही जमत’ म्हणत घरचा कर्ता अंकुर ऐनवेळी गच्चीवर निघून गेला होता. आई आत पोह्यांच्या गडबडीत होत्या. बोलायचं सगळं दामिनीवरच आलं होतं. सोयरीक मोडली, तर गल्लीला चघळायला विषय. आणि जमली, तर पिंकीचं कसं होणार? पोरीला झोप लागायची ती आईंच्याच कुशीत.

किशोर पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये होता. त्यानं मोबाइल पुढे केला. “हे ॲप फोनमध्ये टाकून देईन. कोण कुठे गेलंय, मला पुण्यात बसून दिसेल. काळजी म्हणून.”

“काळजी वाटली तर फोन करा. पाळत नको.”

“बरं. शिक्षण?”

“बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं, लग्न लावून दिलं म्हणून. आता ते पूर्ण करायचं आहे.”

“आता डिग्री घेऊन काय करणार?”

“भिंतीवर लावणार.”

किसनराव खुदकन हसले. किशोरनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं.

“आणि माझे मित्र घरी येतात. त्यांच्यासमोर ते मले-तुले...”

“मले-तुलेच राहील!” दामिनीचा आवाज चढला. “तुमाले लहानपणी जेवाले काय इंग्रजीत बोलावत होते?”

किशोर लाल झाला. “एक शेवटचं. लग्नाआधी भेटणं, फिरणं, ते डेटिंग वगैरे मला पसंत नाही. लोक बोलतात.”

“पहिलं लग्न न भेटताच झालं होतं. कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. या वेळी भेटायचं, फिरायचं, पटलं तरच हो म्हणायचं. सोबत रिद्धपूरला दर्शनाला गेले, तर लोकांचं काय गेलं?”

“म्हणजे अटी तुम्हीच घालणार?”

“मुलीकडचे म्हणून मान खाली घालायचे दिवस गेले, भाऊ.”

किशोरनं पिंकीकडे बोट केलं. “आणि ही?”

दामिनीचा हात पिंकीच्या पाठीवर थांबला. “ही येणार. सणाला, सुट्टीत, मन झालं की. दार उघडं पाहिजे. मंजूर नसेल, तर पोहे खा आणि अकोल्याची गाडी पकडा.”

बोलून गेल्यावरही तिनं नजर हलवली नाही.

किशोर उठला. “बाबा, चला.”

किसनराव जागचे हलले नाहीत.

“बस खाली,” ते म्हणाले. “किती बोलून राहिला लेका! मंजूर आहे सगळं. खेळ, बोली, डिग्री, पोरगी. सगळं.”

“बाबा!”

“बस म्हटलं ना.”

दामिनीनं पिंकीला खांद्यावर घेतलं. डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि आत हाक मारली, “आई, पोहे आणा.”

नव्या साडीचा पदर सावरत तिच्या सासूबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या, पहिली बशी किसनरावांपुढे धरली आणि लाजत हळूच म्हणाल्या, “काल तुमी मुद्दामच हरले ना माह्याशी?”