लाडू कुणाच्या घरी वळायचे

"रव्याचेच करू," बकुळा म्हणाली. "बेसनाचे मुलांच्या टाळ्याला चिकटतात. आणि घरी न्यायच्या पिशवीत दोन लाडू, मूठभर चिवडा, लिमलेटच्या गोळ्या. बस झालं ना, ताई?"

"भरपूर झालं," कालिंदी म्हणाली.

दोघी शेजारणी फतकल मारून पतंगी कागदाच्या पिशव्या चिकटवत बसल्या होत्या. मध्ये खळीची वाटी. उद्या संध्याकाळी बकुळाची नलू पाच वर्षांची होणार होती. लोअर परळच्या चाळीत वाढदिवस म्हणजे नवा फ्रॉक आणि वाटीभर शिरा, संपलं. पण नवऱ्याला, रामदासला, दादरच्या या सरकारी क्वार्टर्समध्ये जागा मिळाली आणि नलूने गॅलरीतून दुसऱ्यांचे वाढदिवस पाहिले. मुलं रंगीत पिशव्या नाचवत घरी जाताना पाहिली. तेव्हापासून तिने आईचा पिच्छा पुरवला होता, माझ्या वाढदिवसाला पण पिशव्या द्यायच्या.

बकुळाला एकच घोर होता. मुलं येतील का? आली तर आपल्या घरचं खातील का? दीक्षा घेतल्याला वर्ष होत आलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, पण समोरच्याच्या मनातलं कोण पुसणार? हा घोर काल कालिंदीने मिटवला. ती स्वतः मजल्यावर घरोघर आमंत्रण घेऊन गेली आणि हसत परत आली. "सगळ्या हो म्हणाल्या बघ. एकीनेही आढेवेढे घेतले नाहीत." बकुळाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जेवताना तिने रामदासला ते दोनदा सांगितलं.

कालिंदी होतीच तशी. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पोलिसांनी दोघींना एकाच गाडीत कोंबलं होतं. लॉकअपमध्ये दोघींनी एकाच ताटलीत भाकरी मोडली होती आणि घसे बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. बकुळाला सख्खी बहीण नव्हती. तेव्हापासून ती कालिंदीला ताई म्हणू लागली.

"बरं, सामान काढून ठेव," कालिंदी पिशवीची कड दाबत म्हणाली. "रवा, साखर, तूप, पोहे. जाताना घेऊन जाते."

"कुठे?"

"माझ्याकडे. लाडू मीच वळते. चिवडाही तिकडेच होईल."

"तू कशाला जीव काढतेस? मी करते की. तू फक्त पाक बघायला ये."

"अगं, तसंच सांगितलंय मी सगळ्यांना. सामान बकुळाचं, पण करणार मी, माझ्या घरी. म्हणून तर पटकन हो म्हणाल्या."

दूध उतू जातंय बघ, असं सांगावं इतक्या सहज ती हे बोलली. बकुळाचा हात खळीतच राहिला.

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं." कालिंदीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी मानत नाही गं हे. तुला माहीत आहे. पण लोकांच्या तोंडी कोण लागणार? उद्या कुणीच आलं नसतं तर नलूचा केवढा हिरमोड झाला असता!"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. भांडावं तर कशावरून? घरोघरच्या त्या बायांचा बकुळाला फारसा राग आला नाही. त्या परक्या होत्या, परक्यासारख्या वागल्या. पण ही आपली. केसाने गळा कापतात तो असा, आणि कापणाऱ्याला वाटावं आपण वेणी घालतोय. गावी तिच्या आईने पाखडलेली ज्वारी पाटलाच्या घरात जायची. आईच्या हातची भाकरी कधी गेली नाही. ते सगळं मागे टाकून आलो, असं बकुळा आजवर धरून चालली होती.

"लॉकअपमध्ये माझ्या ताटलीतलं खाल्लंस, ते सांगितलंस का त्यांना?"

"ते वेगळं होतं, बकुळा." कालिंदीचा आवाज खाली आला. "तिथे आपण सगळ्या एकच होतो. इथे प्रत्येकीच्या घरात म्हातारं माणूस आहे. माझ्याच सासूबाई घे..."

बाहेर गॅलरीत नलू कुणाला तरी ठणकावून सांगत होती, "गुलाबी पिशवी माझ्या मैत्रिणीला. तुला हिरवी."

बकुळा उठली. फळीवरून तिने रव्याचा डबा काढला, साखरेचा काढला, तुपाची बरणी काढली. पोह्यांची पुडी वर ठेवली. सगळं कालिंदीपुढे मांडलं.

कालिंदीने सुस्कारा सोडला. "शहाणी गं माझी बाई. मला ठाऊक होतं, तू समजून घेशील."

"या पिशव्याही घेऊन जा."

"पिशव्या कशाला? त्या इथेच भरू की."

"इथे कशाला? लाडू तुझ्याकडे, चिवडा तुझ्याकडे. मुलांनाही तुझ्याचकडे बोलाव. वाढदिवस तुझ्या घरी होऊ दे. म्हणजे कुणाचीच अडचण नाही. नलूला फ्रॉक घालून पाठवते मी."

कालिंदी डबे उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली. तिने पलीकडच्या आपल्या दाराकडे पाहिलं. मग बकुळाकडे पाहिलं, आणि पुन्हा दाराकडे.

"नलूला आमच्याकडे?" ती चाचरत म्हणाली. "थांब हं. सासूबाईंना एकदा विचारून येते."