आवळ्याचा रस

तिसऱ्या वेळीही तेच दिसलं. संघमित्राने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले, चोळले आणि पुन्हा टेकवले. प्लेटच्या एका खळग्यातल्या कर्करोगाच्या पेशी मरून, रंग शोषून निळ्या पडल्या होत्या. रक्तातल्या मारेकरी पेशींनी त्यांचा फडशा पाडला होता. शेजारच्या खळग्यात त्याच पेशी, तेच मारेकरी, फक्त जोडीला अँटिऑक्सिडंट. तिथल्या बहुतेक जिवंत होत्या. गोल, तुकतुकीत.

"प्लेट म्हणजे माणूस नव्हे," मागून प्रयोगशाळेच्या प्रमुख पद्मजा मॅडम म्हणाल्या. "लगेच काही ठरवू नकोस."

"हो, मॅडम." हेच वाक्य तिने नव्या मुलांना कितीदा ऐकवलं होतं.

ती जिना उतरून समोरच्या रुग्णालयाच्या इमारतीत गेली. बाकावर तिचे वडील, बाबुराव, नंबराची वाट पाहत बसले होते. आज चौथं सलाईन. त्यांच्याच अंगातल्या मारेकरी पेशींना कर्करोगाविरुद्ध जागं करणारं. मांडीवर आवळ्याच्या रसाची बाटली होती.

आई पहाटे उठून लोखंडी किसणीवर आवळे किसायची. महिनाभर तिची बोटं काळी होती. अँटिऑक्सिडंटचा तक्ता फ्रीजवर संघमित्रानेच चिकटवला होता; पहिलंच नाव आवळ्याचं.

"तोंड आलंय, झोंबतं," झाकण फिरवत बाबुराव म्हणाले. "पण तुझ्या आईपुढे डॉक्टरसुद्धा पाणी भरतील."

"रसाचं डॉक्टरांना सांगितलंत, पप्पा?"

"त्यांना कशाला? तूच सांगितलेलंस ना."

ती बाजूला टेकली. "आज राहू द्या."

"आणि भरलेली बाटली घरी नेऊ? सोडेल का ती मला?"

संघमित्राने त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि एका दमात रिकामी केली. जबडा आखडला. बाबुराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"वरून पाणी पी. गोड लागतं."

ती प्यायली. खरंच गोड लागलं.

"आत मीपण येते," ती म्हणाली. "डॉक्टरांशी बोलायचंय."

आतून नाव पुकारलं गेलं. बाबुराव गुडघ्यांवर हात टेकून उठले. रिकामी बाटली त्यांनी जपून पिशवीत ठेवली.

"त्यांच्याशी बोलशील गं," ते म्हणाले. "तुझ्या आईला कोण सांगणार? कालच दादरहून दोन किलो आणलेत तिने."