एकट्या कणाचं वजन

औरादच्या भीमराज मास्तरांचा सिद्धांत होता: कणाला स्वतःचं वस्तुमान नसतंच, सगळं विश्व त्याला ओढतं म्हणून ते येतं, एकटा पडलेला कण बिनवजनाचा. त्यावर त्यांनी एवढे कागद खरडले, की गल्लीतल्या शेळ्या गणितावर पोसल्या. “म्हंजे मी मेल्यावर तुम्ही बिनवजनाचे व्हय?” बायको कोंडाबाई चिडवायची. “व्हय, उडत उदगीरला जाईन.” ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्याच दिवशी मास्तर बाजारात गुंडप्पाच्या कांद्याच्या काट्यावर चढले. “किती भरलं?” “बासष्ट, मास्तर. मागच्या म्हैन्याएवढंच.” “नीट बघ की! कोंडा गेली, अन् एक ग्रामबी कमी न्हाई?” मागं गिऱ्हाइकं खोळंबली, तरी मास्तर उतरेनात. जन्मभर अंगठ्यानं काटा दाबत आलेल्या गुंडप्पानं आज खालून बोटं घालून हळूच उचल दिली. “साठ! दोन किलो घटलं बघा.” मास्तरांनी आकड्याकडं बघितलंच नाही; त्यांना फक्त खालून उचलून धरणारी गुंडप्पाची बोटं दिसत होती.